चार आट्यांचा फरक

३ नोव्हेंबर, सोमवार

ताईनं गाडी गॅरेजात आणली आणि उतरायच्या आधीच म्हणाली, "हे स्टिअरिंग काढून टाक. साधं बसव."

उस्ताद लगेच तयार! त्याच मॉडेलच्या स्टिअरिंगचा साधा रॅक फळीवर पडून आहे, मागून ठोकलेल्या गाडीतला. म्हणाले, "दोन सीटची गाडी घेतली म्हणून काय झालं, स्टिअरिंगला कसले नखरे हवेत?"

मी म्हटलं, मला थोडे दिवस द्या. मोजून सांगतो. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. कारण मी सहसा मध्ये बोलत नाही. मलाही कळेना का बोललो!

एप्रिलमध्ये घाटातल्या शर्यतीत, तिसऱ्या डाव्या वळणावर, ताईची गाडी नको इतकी आत वळली आणि गवतात गेली. खरचटलंही नाही कुणाला. पण तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलंय की तिचे हात गेले. सोळा तारखेला पुन्हा शर्यत आहे. नाव द्यायची मुदत बारा. "स्टिअरिंग बदलूनही जमलं नाही तर गाडी विकते आणि सुखानं घरी बसते," म्हणाली. हसत म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आधी नीट समजून घेतलं. इथे लिहून ठेवतो, म्हणजे मलाच कळलंय की नाही ते कळेल.

स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं. ते एका दातेरी पट्टीवर फिरतं — तो रॅक. पट्टी सरकली की टायर वळतात. साध्या रॅकचे दात सगळीकडे सारखे. पाव फेरी कुठेही फिरवा, टायर तेवढेच वळणार. ताईच्या गाडीतला रॅक वेगळा — मधले दात एक प्रकारचे, कडेचे दुसरे. मध्ये टायर हळू वळतात, कडेला झपाट्यानं. म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी शांत आणि अवघड वळणावर हात कमी फिरवायला लागतात.

कुणाच्या डोक्यात आलं असेल हे? दातांचं अंतर बदलून स्वभाव बदलायचा! साधा रॅक फळीवरून उतरवला, पुसला, त्याचे दात बोटानं मोजले. दोनदा. उस्ताद म्हणाले, "काय रे, दातांचा डॉक्टर होणार का आता?"

मी नववीतून शाळा सोडली. सोडली नसती तर कोन मोजायचं यंत्र आज पहिल्यांदा विकत घ्यावं लागलं नसतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

कारखान्यामागच्या रिकाम्या मैदानात ताईबरोबर गाडीत बसलो. स्टिअरिंगच्या बरोबर वरच्या टोकाला पांढरी पट्टी चिकटवली, म्हणजे ती किती फिरवते ते दिसेल. सीटचा पट्टा दोनदा तपासला.

हळू वेगात कमाल आहे! जिथे साध्या गाडीत हात बदलावे लागतात तिथे हिचे हात जागेवरच. मग वेग वाढवला. उजवी वळणं — सुरेख. डावीकडे प्रत्येक वेळी गाडी जरा जास्त आत जाते, ती अॅक्सिलरेटरवरून पाय उचलते, स्टिअरिंग थोडं परत सोडते.

"बघितलंस?" म्हणाली. "हात चुकतात माझे."

"फक्त डावीकडेच चुकतात?"

"मग काय, दोन्हीकडे चुकायला हवेत का तुला?"

मी लिहून घेतलं — फक्त डावीकडे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आई जेवताना म्हणाली, "अरे, ताट फिरवणं बंद कर आणि जेव!"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुढचे टायर फिरत्या तबकड्यांवर घेतले आणि मोजलं. वळताना आतला टायर बाहेरच्यापेक्षा जास्त वळतो, म्हणून दोघांची सरासरी काढली.

पाव फेरी डावीकडे — आठ अंश. पाव फेरी उजवीकडे — सात अंश.

माझी चूक असणार म्हणून पुन्हा मोजलं. मग जेवून येऊन पुन्हा. आठ आणि सात!

उस्तादांना दाखवलं. ते खूशच झाले. "म्हणून तर म्हणतो, काढ. डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. असल्या वस्तूवर जीव टाकायचा का?"

बरोबर वाटलं. पण बनवणाऱ्यांनी इतका विचार करून दात पाडले, ते काय डावं-उजवं विसरतील?

८ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं!!

स्टिअरिंग सरळ धरून डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं — एक फेरी आणि वर चार बोटं. उजवीकडे — एक फेरी आणि वर वीतभर. म्हणजे स्टिअरिंग सरळ, टायर सरळ, पण आत रॅक मध्यावर नाहीच. डावीकडे सरकलेला. म्हणून डावीकडे कडेचे झपाट्याचे दात लवकर लागतात.

खाली झोपून बघितलं. रॅकच्या दोन टोकांना टायरशी जोडणारे टाय रॉड असतात. एकाचे अकरा आटे बाहेर, दुसऱ्याचे सात. कुणीतरी रॅक मध्यावर न आणताच टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ करून दिलंय. साध्या रॅकला असं केलं तर कुणाला पत्ताही लागत नाही, दात सगळीकडे सारखेच. पण या रॅकला मध्य म्हणजे जीव!

ताईचे हात बरोबर होते. कुठल्या गाढवानं हे केलं असेल?

उस्ताद कितीतरी वेळ गाडीखाली होते. बाहेर आले आणि म्हणाले, "फळीवरचा रॅक फळीवरच राहू दे." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप!

९ नोव्हेंबर, रविवार

रॅक मध्यावर आणला. दोन्हीकडे नऊ-नऊ आटे. पाव फेरीला दोन्हीकडे साडेसात. तीनदा मोजलं. मग नुसतंच बघत बसलो.

तर, हे स्टिअरिंग ठेवण्यासारखं आहे का? आहे. फक्त त्याला हात लावणारा माणूस नीट हवा.

१० नोव्हेंबर, सोमवार

ताईला सगळं समजावलं, आकडे दाखवले. मैदानात नेलं. गाडी आता दोन्हीकडे सारखी वळते. तरी डाव्या वळणावर तिचा पाय उठतोच!

"गाडी सुधारली असेल. मी नाही."

"ताई, आधी रॅक सरकलेला होता —"

"पुरे. मला बरं वाटावं म्हणून तू आकडेसुद्धा रचशील. लहानपणापासून ओळखते तुला."

अर्ज तसाच कोरा, डॅशबोर्डवर. परवा शेवटचा दिवस.

११ नोव्हेंबर, मंगळवार

उस्ताद म्हणाले, "ही गाडी ताईच्या आधी एका दाताच्या डॉक्टरांची होती. तेव्हा निळी होती. आपल्याकडे यायची बहुतेक. नंबरावरून जुन्या वह्या बघ. आपल्याकडे कुणी हात लावला असेल तर लिहिलेलं असेल."

लेखी पुरावा मिळाला तर ताईला मानावंच लागेल. दोन वह्या झाल्या. अजून तीन आहेत. त्या गाढवाचं नाव सापडू दे!

१२ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं. मागच्या वर्षीचा ऑगस्ट, तोच नंबर. माझा इथला पहिला महिना. "निळी दोन सीटची. स्टिअरिंग तिरकं होतं. टाय रॉड फिरवून सरळ केलं." अक्षर माझं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

वही परत कपाटात ठेवली. मग काढली आणि ताईकडे नेली.

तिनं दोनदा वाचलं. "म्हणजे माझे हात बरोबर होते?"

हो म्हणालो.

डोळे पुसले, मला एक सणसणीत चापट मारली आणि माझ्याच पेनानं अर्ज भरला. मेकॅनिकच्या रकान्यात माझं नाव.

"रविवारी सहाला ये, गाढवा. पाना घेऊन."