आमच्या घरची ऊर्जाबचत

८ फेब्रुवारी १९८७
आले! कुडाळच्या ऊर्जाबचत शिबिराहून हे आज परत आले आणि चहाही न घेता स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने घराचा नकाशा काढून मोकळे. परवाच मी चुना मारलेली भिंत! गोठ्याच्या बाजूला भला मोठा गोल — तो गोबर गॅस. अंगणात चौकोन — ती सूर्यचूल. दिव्यांवर सगळ्या फुल्या.
"सावित्री, हे घर उष्णता उधळतंय." शाळेत मास्तर आहेत, घरातही फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतात.
मी म्हटलं, आधी माझ्या चुलीच्या धुराचं बघा. खोकून खोकून बरगड्या दुखतात.
"ते किरकोळ. शेवटी घेऊ."
सासूबाई पडवीतून ओरडल्या — अक्का म्हणतो आम्ही त्यांना — "धुराक काय धाड भरली? धूर नाय तर वरची लाकडां वाळवी खायत! माझो झील शिकलो आणि बिघाडलो." झील, म्हणजे त्यांचा मुलगा — हेच.

१० फेब्रुवारी
जेवायच्या खोलीत झिरोचा बल्ब लावला. त्या उजेडात ह्यांनी भातावर तूप म्हणून माझं माक्याचं तेल ओतून घेतलं. एक घास खाल्ला. थांबले. दुसराही खाल्ला! हरायचं नाही ना. "तुपाला जरा वास येतोय," एवढंच म्हणाले.

१४ फेब्रुवारी
गोबर गॅस. पंचायत समितीचे साहेब गोठा बघून गेले. आमची गाय एकच, तीही म्हातारी. साहेब म्हणाले, "मास्तर, एवढ्या शेणावर काडीसुद्धा पेटायची नाही."
हे ऐकतात होय? संध्याकाळी बादली घेऊन गावच्या गुरांमागून किनाऱ्यापर्यंत गेले. चौथीचा अख्खा वर्ग तिथे खेळत होता. पोरं म्हणे रांगेत उभी राहून "नमस्ते गुरुजी" म्हणाली — बादलीसकट!
अक्का देवघराच्या दारात आडव्या. "शेणाच्या गॅसवर देवाचो निवेद?"
"अक्का, देवाला गोमूत्र चालतं की."
"चालता. पण शिजवन नाय!"

१५ फेब्रुवारी
गोबर गॅस रद्द. भिंतीवरचा गोल ह्यांनी ओल्या फडक्याने पुसला. आता तिथे गोलाहून मोठा काळा डाग.

२२ फेब्रुवारी
सूर्यचूल आली, एसटीच्या टपावरून. काळी पेटी, वर काच, झाकणाला आतून आरसा. आल्या आल्या एक कावळा आरशातल्या कावळ्याशी भांडायला बसला. त्याला हाकलायला हे छत्री घेऊन अंगणात.
सकाळी तांदूळ ठेवले. जेवायची वेळ टळली. अक्का दर थोड्या वेळाने — "भात शिजता काय नुसतो उन्हाक बसलो हा?"
उन्हं कलल्यावर शिजला. खोटं कशाला लिहू — मोकळा, सुरेख भात होता. पण तोवर मी चुलीवर पोहे करून सगळ्यांची पोटं भरली होती. हे एकटेच पाटावर बसून तो भात खात होते आणि दर घासाला माझ्याकडे बघत होते. मी नाही बघितलं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
हसून हसून पोट दुखतंय, अक्षर वाकडं येतंय.
कुणकेश्वराच्या जत्रेला देवगडहून ह्यांचे मामा-मामी आले. उपासाची रताळी सूर्यचुलीतच शिजणार, असं ह्यांनी आधीच जाहीर केलेलं. माडांच्या सावल्या सरकतील तशी हे पेटी सरकवत गेले. सरकवत सरकवत पेटी पोचली थेट देवळाच्या रस्त्यावर!
जत्रेच्या बायका आरसा दिसल्यावर सोडतात होय? एकीने कुंकू सारखं केलं. दुसरीने वेणी. मागे रांगच लागली. सगळ्यांच्या सावल्या पेटीवर. हे ओरडतायत, "सावली! सावली हटवा!" कोण ऐकतंय?
मग एक म्हातारे आले. त्यांनी वाकून काचेतून बघितलं. आत काळोखात काहीतरी गोल गोल. त्यांनी चपला काढल्या, काचेवर बेलाचं पान वाहिलं, हात जोडले. झालं! मागचेही वाहायला लागले. हे सांगतायत, "अहो, रताळी आहेत!" — एक बाई भक्तिभावाने म्हणाली, "असतली, असतली."
बेलाच्या ढिगाखाली रताळी कच्चीच राहिली. मामांना निर्जळीच घडायची होती, पण मी चुलीवर वरीचे तांदूळ टाकले. धुरात. खोकत.

२७ फेब्रुवारी
सूर्यचूल माळ्यावर. आरसा काढून घेतलाय. हे त्यात दाढी करतात. दाढी छान होते.

५ मार्च
आज मीच गेले. धोंडू गवंड्याला गाठलं आणि सांगितलं — निर्धूर चूल घालायची, पाइप कौलांच्या वर काढायचा. घरी येऊन मग ह्यांना सांगितलं. आधी भिंतीवरचा नकाशा न्याहाळला. शेवटी, "पण आराखडा कुठाय?"
"माझ्या डोक्यात."
अक्का मात्र उठून आत आल्या. "माझ्या चुलीक हात लावतलंस?"
लग्न होऊन आल्यापासून त्यांना कधी उलट बोलले नव्हते. आज बोलले. म्हटलं, "अक्का, मला श्वास घ्यायचाय."
अक्का पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. जेवल्याही थोड्याच. मला वाईट वाटलं. पण धोंडूला मी नको म्हणून सांगितलं नाही.

९ मार्च
धोंडूने चूल घातली, पाइप माळ्यापर्यंत नेला, दोन कौलं काढली आणि जेवायला गेला. "रवलेलो पायप मागीर," म्हणाला — उरलेला पाइप नंतर.
हे तोवर थांबतील तर! "प्रयोग म्हणून जरा बघू," म्हणत चूल पेटवली. सगळा धूर माळ्यावर कोंडला आणि कौलाकौलातून बाहेर यायला लागला. शेजारची मथुरा किंचाळली, "मास्तराचा घर पेटला गो!" अख्खी वाडी कळश्या घेऊन धावली. आग नाही हे सांगायला हे माळ्यावर चढले आणि कौलाच्या भोकातून डोकं बाहेर काढलं. "आग ना—" एवढंच म्हणाले. गड्यांनी फेकलेली पहिली कळशी थेट तोंडावर. मग दुसरी. मग सगळ्याच!
मथुरेने पडवीत जाऊन अक्कांना सगळं रंगवून सांगितलं. अक्कांना हसून हसून ठसका लागला. पाठ चोळायला गेले तर चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या — "गो सावित्री, तुझ्या चुलीन माझ्या झिलाक न्हाणी घातल्यान!"

१२ मार्च
पाइप पुरा झाला. दुपारी चूल पेटवली — धूर सरळ वर, कौलांच्या बाहेर! स्वयंपाकघरात भिंतीवरचा कोळशाचा नकाशासुद्धा स्वच्छ दिसत होता. मी दार लावून मुद्दाम बसले. खोकला नाही. अक्कांना हात धरून आत आणलं.
त्या उंबऱ्याशीच थांबल्या. म्हणाल्या, "ह्येका निर्धूर म्हणतास? मगासपेक्षा दाट आसा. माका तुझा तोंडसुद्धा दिसणा नाय."
हट्टच तो, म्हणून आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी हात पुढे करून चूल चाचपायला सुरुवात केली — भलत्याच कोपऱ्यात.
हे हसायचे थांबले. पुढे होऊन त्यांनी तो हात धरला.
उद्या पहिल्या गाडीने कणकवलीला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.