कोपरा नसलेलं कार्ड

गंगापूर रोड, नाशिक
मंगळवार, फेब्रुवारी १९८२

रा. रा. निवृत्तीराव यांना त्यांचे मेहुणे रंगनाथ यांचा साष्टांग नमस्कार.

आपण जिवंत आहात हे ऐकून आम्हां सर्वांना फार आनंद झाला. एरवी पत्राच्या आरंभी प्रकृतीची चौकशी आपण रीत म्हणून करतो आणि उत्तराची वाट कुणी बघत नाही. या खेपेला मात्र खरोखर विचारतो आहे. तुमच्या गावचा बुधा काल कोर्टाच्या तारखेला नाशकात आला होता. त्याने सांगितलं, की लासलगावच्या मार्केटात तुम्ही कांद्याच्या भावावरून एका व्यापाऱ्याला चारचौघांत सोलून काढलंत. "मामा ठणठणीत हायेत, आवाज पार गेटापर्यंत येत व्हता," असं म्हणाला. हे ऐकून तुमची बहीण लंका आधी रडली, मग हसली, आणि मग माझ्याकडे बघून पुन्हा गप्प झाली. रविवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायची वेळ झाली की ताट माझ्यापुढे आदळते, एवढंच आमचं संभाषण. (ताटं स्टीलची आहेत, त्यामुळे मी जेवायला बसलो हे शेजाऱ्यांनाही कळतं.)

तर आपण मेलात कसे, ते आता सविस्तर लिहितो.

मी तिकिटं आणि जुनं टपाल जमवतो हे तुम्हांला ठाऊक आहे, आणि त्यावर तुमचं मत काय आहे हे मलाही ठाऊक आहे. पण मी कुठलं टपाल जमवतो हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगतो. अटलांटिक महासागराच्या मधोमध ट्रिस्टन नावाचं एक बेट आहे. चारी बाजूंना नुसतं पाणी. माणसं म्हणाल तर आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी, आणि आडनावं बोटांवर मोजावीत इतकी, म्हणजे सगळं बेट मिळून एकच भावकी. (तरी तिथे भांडणं होत नाहीत म्हणतात. मला खरं वाटत नाही.) जहाज आलं तर आलं, नाहीतर महिनोन्‌महिने पत्र नाही. आणि गंमत अशी, की तिथे पैशाला फारसं कुणी विचारत नसे, सगळा व्यवहार बटाट्यांवर. एकदा त्यांनी तिकीट काढायचं ठरवलं तर त्याच्या नमुन्यावर किंमत छापली, एक पेनी किंवा चार बटाटे. हे मी प्रथम वाचलं तेव्हा मला तुमचीच आठवण झाली. आपल्या निफाड तालुक्यात पोस्टाने तिकिटाच्या बदल्यात कांदे घेतले असते तर तुम्ही रोज दोन्ही बहिणींना पत्र लिहिलं असतं. अशा बेटावरून निघालेलं एखादं कार्ड माणसाच्या हाती लागावं म्हणजे काय असतं, हे ज्याला तो नाद नाही त्याला सांगून उपयोग नाही. पाटबंधारे खात्यात दिवसभर पाण्याच्या अर्जांवर शेरे मारल्यावर माणसाला कुठलं तरी बेट लागतंच.

आता रविवार. आपल्या वत्सलाची सुपारी फुटायची होती. सिन्नरकडचे कारभारी पाटील, त्यांचा मुलगा देवळालीच्या शाळेत मास्तर, माणसं भली, हे सगळं तुम्हांला आमंत्रणाच्या कार्डात लिहिलंच होतं. (त्या कार्डाबद्दलही दोन शब्द. बाकीच्या सोयऱ्यांना मी साधी कार्डं लिहिली, पण मुलीचा सख्खा मामा एकच, म्हणून तुमच्यासाठी माझ्या संग्रहातलं खास कार्ड काढलं, मोठ्या पोस्टात तिकिटांचं प्रदर्शन होतं तिथे रांगेत उभं राहून त्यावर प्रदर्शनाचा विशेष शिक्का मारून घेतला, आणि कडेवर बोटाचा डागही न लागू देता ते थेट पेटीत टाकलं. असं कार्ड मी आजवर कुणाला पाठवलेलं नाही. जपून ठेवा.) सकाळी लंकाने मला फुलं आणायला पिटाळलं. फुलं आणायला मी गेलो, हे खरं आहे. फक्त देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणली. तिथल्या रद्दीवाल्याचा निरोप होता, की एका जुन्या बंगल्यातली ट्रंक फुटली आहे आणि तुमच्या बेटाचं काहीतरी निघालं आहे. मी पॅसेंजरने गेलो. ट्रंकेत पलटणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाची पत्रं होती, आणि त्यांत एक कार्ड, बेटाला लागलेल्या जहाजावरून एका पाद्र्याने देवळालीच्या साहेबाला धाडलेलं. शिक्का स्वच्छ, अक्षर वळणदार, नुसता एक कोपरा तेवढा उंदराने नेलेला. घासाघीस न करता मी ते घेतलं. परत येताना गाडी मध्येच उभी राहिली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण अखेर मी घरात शिरलो तेव्हा पाहुणे नुकतेच चपला काढत होते. फुलं लंकाच्या हातात दिली आणि कार्ड नव्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. तिथून पुढचं सगळं त्या खिशाने केलं.

पाहुणे बसले. कारभारी पाटलांच्या बहीण पुतळाबाई, नवऱ्या मुलाच्या आत्या, सगळ्यांत पुढे. त्यांच्याकडे शब्द त्यांचाच चालतो हे बसल्या जागेवरूनच कळत होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, मुलीचे मामा कुठे दिसत नाहीत. लंका म्हणाली, येतीलच, गाडी चुकली असेल. थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारलं. लंका दारात जाऊन रस्ता बघून आली. तिचा चेहरा उतरलेला मला दिसत होता, पण मुहूर्त जवळ आला होता. शेवटी कारभारी म्हणाले, चला, सुरू करू. मी हळदीकुंकवाचं ताट उचललं, पाटलांपुढे वाकलो, आणि खिशातलं कार्ड सटकन निसटून नेमकं ताटात पडलं, सुपारीच्या शेजारी.

मर्तिकाची खबर असली की कार्डाचा कोपरा फाडून धाडतात, वाचणाऱ्याने ते वाचून तिथल्या तिथे फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, हे मी तुम्हांला सांगायला नको. पुतळाबाईंनाही सांगायला नको होतं. त्यांनी कार्ड उचललं, गेलेला कोपरा बघितला, आणि ते लंकाकडे केलं. लंकाला इंग्रजी येत नाही. तिने अक्षर बघितलंच नाही. तिने कोपरा बघितला, मग रिकामं दार बघितलं, आणि ताट, पाहुणे, मुहूर्त सगळं विसरून खाली बसली आणि म्हणाली, "माझा दादा गेला." निवृत्तीराव, मी तिच्या तोंडून असा आवाज कधी ऐकला नव्हता. मला तो अजून ऐकू येतो.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? बायकोला सावरावं. मी सावरणारच होतो. पण पुतळाबाईंनी रीतीप्रमाणे कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि फाडायला घेतलं. मग मात्र माझं भान सुटलं आणि मी होणाऱ्या विहिणीच्या नणंदेचं मनगट धरलं. भर बैठकीत. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मी त्यांच्या मुठीतून एकेक बोट सोडवून कार्ड काढून घेतलं. कार्ड वाचलं. बाकी काही वाचेल अशी चिन्हं त्या क्षणी नव्हती.

मग मी समजावू लागलो. मी म्हणालो, कुणी गेलेलं नाही, हे एका बेटाचं कार्ड आहे. कुठलं बेट, असं पाटलांनी विचारलं. मी बेट सांगितलं. तिथे कोण आहे तुमचं, असं विचारलं. मी म्हणालो, कुणी नाही. मग कार्ड कशाला आलं? मी म्हणालो, मला नाही, एका साहेबाला आलं, तो साहेब मेला. हे मी म्हणायला नको होतं. लंकाने पुन्हा हंबरडा फोडला. त्या घाईत मी त्यांना बटाट्याच्या तिकिटाचीही गोष्ट सांगितली, माणसं जरा हसतील म्हणून. कुणी हसलं नाही. जसजसा मी खरं सांगत गेलो तसतशी त्यांची खात्री होत गेली, की हा माणूस सुतक लपवून सुपारी फोडायला निघाला आहे. मी आगीतून फुफाट्यात चाललो होतो आणि वत्सला आतल्या दारात नवी साडी नेसून उभी होती.

कारभारी पाटील आवाज न चढवता बोलले, त्याचीच जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "रंगनाथराव, मामा गेले असतील तर सांगा, आम्ही थांबू. दुःख कुणाला चुकलंय? पण मामा हयात असून भाचीच्या सुपारीला आले नसतील, तर ते आम्हाला आधी कळाया पायजे. मामा ज्या घरी रुसतो त्या घरची सोयरीक आम्ही करीत नाय." थोडक्यात, मेलेला मामा त्यांना चालेल, रुसलेला चालणार नाही. गुरुवारी ते पुन्हा येणार आहेत. मामा डोळ्यांनी दिसला तर सुपारी, नाहीतर रामराम.

आता आमची घरची अवस्था. तार करावी म्हटलं, तर तार बघून तुमच्याकडे रडारड होईल आणि आमच्या नावाने कुणीतरी अंघोळ करून मोकळं होईल. मी स्वतः यायला निघालो होतो, पण मी एकट्याने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम शेजारणीकरवी आला आहे, वाटेत निफाडला रद्दीचं दुकान आहे म्हणून. लंकाने स्वतः यावं, तर तिचं म्हणणं, दादा जिवंत असून माझ्या लेकीच्या सुपारीला आला नाही, मी आधी त्याचा उंबरा चढणार नाही. तुम्ही दोघं भावंडं एकाच मातीची. वत्सला कुणालाच काही म्हणत नाही. काल तिने ती साडी घडी घालून पेटीत ठेवली, मग पुन्हा बाहेर काढली, आणि मला एवढंच विचारलं, "बाबा, मामा येतील ना?" मी हो म्हणालो. मला काय ठाऊक? मुलाचं आणि तिचं मन जुळलं आहे, हे मी बाप असून मला दिसतं. मला भीती वाटते, निवृत्तीराव. तुमचं आमच्याशी काय बिनसलं, हे मी रविवारपासून आठवतो आहे. दिवाळीत तर तुम्ही इथे हसत जेवून गेलात.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. फार लिहीत नाही (कागद संपला म्हणून).

आपला,
रंगनाथ

ता. क. गुरुवारी या. सकाळच्या पहिल्या एस. टी.ने या. फेटा बांधून या, म्हणजे पुतळाबाईंना लांबून दिसाल. कांद्याच्या व्यापाऱ्याला जे बोललात ते मला बोला, सगळ्यांदेखत बोला, मी खाली मान घालून ऐकेन.

दुसरा ता. क. येणारच असाल तर तुमच्या माजघरात तारेला टोचलेली तुमच्या वडिलांच्या, आबांच्या वेळची पत्रं आहेत, ती घेऊन या. आबांचे एक साहेब पलटणीत होते. कोपरे फाटलेले असले तरी मला चालतात.

तिसरा ता. क. वरचं सगळं लिहून पाकीट बंद करणार, तेवढ्यात लंकाने ते माझ्या हातातून घेतलं आणि सबंध वाचलं. मग रविवारनंतर पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. तिने विचारलं, "दादाच्या कार्डाला कुंकू लावलं होतंत ना?" बाकीच्या सगळ्या कार्डांना तिने स्वतः बसून लावलं होतं. तुमचं खास कार्ड मी परस्पर पेटीत टाकलं होतं, हे आत्ता वर मीच मोठ्या तोऱ्यात लिहून ठेवलं आहे. मी म्हणालो, त्या शिक्क्यावर डाग पडला असता. ती माझ्यावर रागावली नाही. मटकन खाली बसली आणि म्हणाली, "सख्ख्या भावाला कोरं कार्ड. बोलवायचं म्हणून बोलवलं, असं वाटलं असेल हो त्याला." निवृत्तीराव, तसं नव्हतं. सगळ्यांत चांगलं ते तुम्हांला पाठवलं होतं, पण तुमच्या बाजूने बघितलं तर ते कोरंच होतं, हे मला आता दिसतं. चुकलो.

ती आत जाऊन कुंकू कालवून घेऊन आली आहे. या कागदाच्या चारही कोपऱ्यांना तिने बोटं लावली. मग पाकीट घेतलं. त्यावर मी चिमट्याने धरून एक सुंदर तिकीट चिकटवलं होतं, कडा एकदम सरळ, एक दातही न मोडलेलं. तिने त्याच्यावरच अंगठा टेकवला. मी चिमटा खिशात ठेवला.

या. आणि हे पाकीट फेकू नका, पुसू नका, असंच बरोबर घेऊन या. ते मला संग्रहाच्या वहीत बेटाच्या कार्डाच्या वरच्या पानावर लावायचं आहे.