कमरेचं माप

आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसते.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. ऊन मात्र मी म्हणतंय. पेशंटच्या घरोघरी मलमपट्टीला सायकलनंच जावं लागतं, म्हणून काल उन्हाळी कपडे घ्यायला गेले.

तिथं डोकंच चालेना. दुकानदार म्हणाला, "बिनबाह्यांचा सदरा घ्या, वारा लागेल." सोबतची मैत्रीण म्हणाली, "पूर्ण बाह्यांचा घे, हात भाजतील." एक पांढरा दाखवी, दुसरी भडक पिवळा. मग दुकानदारानं सायकल चालवताना घालायची गादीवाली चड्डी काढली आणि विचारलं, "कमरेचं माप?"

मनात आलं, आजचं सांगू, की दोन महिन्यांनंतरचं?

आई, तिसरा महिना लागलाय. तुझा जावई ऐकताक्षणी सायकलला कुलूप घालायला निघाला. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्रास नसेल तर सध्या सावकाश चालव. कुणाचं ऐकू, काही सुचत नाही.

शेवटी पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा घेतला, तोही दोन मापं मोठा. चड्डी तिथंच ठेवून आले.

बाबांचा खोकला कसा आहे? माझ्या वेळी तू शेवटपर्यंत शिलाई मशीन चालवत होतीस ना? तेव्हा तुला भीती वाटायची का? मला बरं वाटावं म्हणून नको, खरं काय ते लिही.

तुझी,
धाकटी