टिपेचं दुसरं वाक्य

ता. ९ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय ठकू,

सप्रेम सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, असं धरूनच लिहितोय. एकवीस वर्षांतलं पहिलं पत्र, तेही धाकट्या बहिणीला, आणि सुरुवात सुचायला तीन दिवस गेले.

आमचं बरं चाललंय म्हणायचं. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, माझे डोळे. छापखान्यात अजून मुद्रितं तपासतो. मालक म्हणतात, आता घरी बसा. पण घरी बसून वहिनीच्या बोलण्यातल्या चुका काढल्या तर जेवण मिळायचं नाही. खरं सांगू, थकलोय. बरोबर असण्याचासुद्धा कंटाळा येतो, हे या वयात कळलं.

सध्या पवित्र शास्त्राची, मराठी बायबलची, नवी आवृत्ती चालू आहे. काम जुन्याच पद्धतीने. एक निवृत्त शिक्षिका मूळ प्रत मोठ्याने वाचतात, स्वल्पविराम, कंस सगळं उच्चारून, आणि मी छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवतो. बाई भाजीची यादी वाचावी तसं वाचतात, कारण भावना आली की चूक निसटते. गेल्या मंगळवारी चौथ्या शुभवर्तमानातली ती गोष्ट आली. व्यभिचारात धरलेल्या बाईला दगड मारायला लोक जमतात आणि प्रभू येशू खाली वाकून जमिनीवर बोटाने लिहितो, मग म्हणतो, तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा, ती. बाई म्हणाल्या, कंस सुरू. मग सगळी गोष्ट. मग, कंस पूर्ण. माझी पेन्सिल पहिल्या कंसावरच थांबलेली. बाईंनी उठून पाणी आणून दिलं.

तो कंस का असतो हे तू पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकलंस. त्याबद्दल मी आजवर कोणाजवळ बोललो नाही, वहिनीजवळही नाही.

तू तान्ही मुलगी घेऊन, लग्नावाचून, आपल्या चर्चच्या मंडळीच्या पंचांपुढे उभी होतीस. मुलीचा बाप केव्हाच पसार झालेला. सभासदांच्या यादीतून तुझं नाव काढायचं की नाही, एवढाच विषय. तू काहीच मागितलं नाहीस, फक्त पाळकसाहेबांना ती गोष्ट वाचायला सांगितलीस. त्यांनी वाचली. म्हातारा विरघळला होता, ठकू. चष्मा काढून डोळे पुसत होता. आणखी दोन मिनिटं गेली असती तर विषय तिथेच मिटला असता.

तेव्हा मी, तुझा सख्खा भाऊ, सभेचा चिटणीस, उठून म्हणालो, "हा भाग सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही. मागाहून कोणीतरी घातलाय. ईश्वरप्रेरित वचन म्हणून त्यावर निर्णय घेता येणार नाही." छापखान्यातला माणूस, त्याला कोण खोडून काढणार? पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं आणि तुझं नाव गेलं.

मी खोटं बोललो नाही, या एका आधारावर मी एकवीस वर्षं काढली. पण त्या भागाखाली छापलेली विद्वानांची टीप दोन वाक्यांची होती. पहिलं मी सांगितलं. दुसरं असं होतं की गोष्ट तरीही फार जुनी आहे, आणि मंडळीने ती शतकानुशतके शास्त्र म्हणून वाचली आहे. तेही मला पाठ होतं. मी ते गिळलं. पुढच्या महिन्यात पंचांत माझी निवड व्हायची होती, आणि तुझ्यासाठी रदबदली करणाऱ्या भावाला कोणी निवडलं नसतं. दुसऱ्याचा सुटलेला अनुस्वार मी पकडतो. हे वाक्य जाणूनबुजून सोडलं.

पाणी पिऊन झाल्यावर बाईंनी विचारलं, हे देवाचं वचन धरायचं की नाही? मी म्हटलं, विद्वानांचं एकमत नाही. त्या म्हणाल्या, "विद्वानांना नाही, तुम्हाला विचारलं." मी म्हटलं, पुढचं वाचा. उत्तर तुला देतो. कोणत्या हस्तलिखितात काय आहे ते मी सांगू शकतो, पण त्या खोलीत बारा पुरुष मान खाली घालून बसले होते ते या ओळी ऐकून. ज्या वचनाला भिऊन मला टिपेमागे लपावं लागलं, ते माणसाचं नसावं असं मला वाटतं. याहून मोठा पुरावा माझ्यापाशी नाही.

संपादक मंडळाने विचारलंय, गोष्ट जागेवर ठेवायची की तळाला बारीक अक्षरांत टाकायची. तिथे माझ्या मताला फारशी किंमत नाही, तरी जागेवरच ठेवा आणि टीप पुरी छापा, असं लेखी दिलंय. येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीपुढे ती टीप पुरी वाचणार आहे. तेव्हा अर्धी का सोडली, तेही सांगणार आहे. नवे पाळक म्हणाले, पंचपद जाईल. जाऊ दे. तुझं नाव पुन्हा लिहावं असा अर्जही लिहून ठेवलाय, पण तू हो म्हटल्याशिवाय देणार नाही. तुला विचारल्यावाचून एकदा खूप झालं.

माफ कर म्हणायचं तोंड नाही. तरी म्हणतो, माफ कर.

एक राहिलं. त्या दिवशी मुलीला खांद्यावर घेऊन जाताना तू दारातून वळलीस आणि "दादा" म्हणालीस. मी इतिवृत्त लिहीत होतो. ऐकलं, पण मान वर केली नाही.

ओ, ठकू.

तुझा,
दादा