चित्र वाळेपर्यंत वीज चालू ठेवण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता (विद्युत),
देखभाल विभाग, कलाविद्यालय इमारत.

विषय: संगणक कक्षातील चित्र अद्याप ओले असल्याने रविवारची वीजबंदी पुढे ढकलण्याबाबत.
संदर्भ: जिन्याजवळ लावलेली आपली सूचना.

महोदय,

१. विनंतीपूर्वक कळवितो की, मी येथे रंगचित्रणाचा कंत्राटी शिक्षक आहे. संगणकावर रंगवण्याची जी नवी प्रणाली आली, तिच्यात कुंचल्याचे केस फाकतात, ओल्या रंगात ओला रंग मिसळतो, पडद्यावर बोटानेही रंगवता येते. रंग सुकण्याचा वेग आपण निवडायचा असतो. मी ‘तैलरंग, जाड थर, खऱ्या वेगाने’ असे निवडले. तैलरंगाला घाई चालत नाही, हे जन्मभर शिकवत आलो. यंत्रापुढे शब्द कसा फिरवू? आता निवड बदलता येत नाही आणि रंग वाळल्याशिवाय चित्र जतन होत नाही. संगणक बंद पडला की चित्र गेलेच. बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकते, वीज दिवसभर जाणार आहे.

२. शिपायाने पडद्यासमोर पंखा लावला आहे. त्याचा उपयोग नाही हे मलाही कळते. तरी मी तो बंद केलेला नाही.

३. चित्र आपल्याच इमारतीच्या लिफ्टमनचे आहे. मुले त्यांना ‘वरखाली काका’ म्हणत. स्टुलावर बसले की त्यांना हसू आवरत नसे. गप्प बसा म्हटले की आणखी हसत. रंगवून झाले आणि पुढच्याच आठवड्यात ते गेले. त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे काकूंकडे, त्यांचा एकच फोटो आहे, ओळखपत्राचा. त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात.

४. पडद्याची प्रत छापून घ्या, असे आपल्या कार्यालयाने सुचवले. छापली. काकूंनी ती खिडकीशी नेऊन पाहिली आणि परत दिली. “हे हसत नाहीत,” म्हणाल्या. खरे आहे. हसू ओठांच्या कडेच्या जाड फटकाऱ्यात आहे. पडदा तिरका केला की त्यावरून उजेड सरकतो. कागदावर तो फटकारा सपाट झाला.

५. काकू रोज येतात. काल मी चहा आणायला गेलो तेवढ्यात त्यांनी चित्रातल्या गालावरून हात फिरवला. रंग ओलाच. चार बोटे कानापर्यंत ओढली गेली, मागच्या भिंतीचा हिरवा गालात मिसळला. त्या घाबरल्या. मी ते मागे घ्यायला गेलो, तर त्यांनी माझे मनगट धरले. राहू द्या म्हणाल्या. साहेब, मी चेहरा पुन्हा रंगवीन हो, पण ती बोटे कुठून आणू?

६. रंग अजून दोन आठवडे ओला राहील, असे प्रणाली सांगते. तेवढी मुदत द्यावी, हात जोडतो. नाहीच जमले, तर रविवारी मुख्य बटण बंद करण्यापूर्वी कृपया एकदा वर यावे. काकू पडद्यासमोर बसलेल्या असतील. वीज जाणार हे त्यांना आपणच सांगावे. मी दोनदा सांगायला गेलो. माझ्याच्याने होत नाही.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
कंत्राटी शिक्षक, रंगचित्रण
शुक्रवार

सोबत: छापील प्रत.