काचेवरचा गुलाबी घोस

बसवनगुडी, बेंगळूरू
१९ जानेवारी २०२५

चि. प्रणिता,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. नागपुरात थंडी कडाक्याची असेल, कान बांधत जा. सातवा लागला ना गं? अभिजीत ऑफिसातून येतो, जेवतो, तुझ्या माशांच्या टाकीपुढे बसून राहतो. असो.

बातमी अशी, की टाकीतल्या गोगलगाईनं पुन्हा अंडी घातली. पाण्याच्या वर, काचेला चिकटवून, गुलाबी घोसच्या घोस! टाकी साफ करायला येणारा श्रीहर्ष म्हणाला, "अक्का, पाणी स्वल्प कमी ठेवा. अंडी बुडली तर मरतात, सुकली तरी मरतात." मी म्हटलं, सरी, तसंच करते. चार बोटं पाणी काढलं, झाकण लावलं आणि दुपारची झोप सोडून समोर खुर्ची टाकली.

काय सांगू तुला! घोसाचा रंग रोज उतरत गेला. गुलाबी, मग फिकट, मग राखाडी. ऊन आलं की आत काळसर ठिपके दिसायचे. बघता बघता डोळा लागायचा आणि वाटायचं, मीच पाण्याच्या तळाशी बसलेय, वर कुणीतरी हळूहळू श्वास घेतंय. म्हातारीला वेड लागलं म्हणशील.

अठराव्या दिवशी घोस भुसभुशीत झाला. मोहरीएवढी पिल्लं, पाठीवर शंख घेऊनच, एकेक करून पाण्यात पडली. मी एकटीच हसले. मग रडले.

कारण आधीचे तीन घोस मीच कॅलेंडरच्या पत्र्याच्या पट्टीनं खरवडून टाकले होते. तू विचारायचीस, "आई, अंडी कुठे गेली?" मी म्हणायचे, गळून पडली असतील. अंडं म्हणजे अंडं, आपल्या घरात नको, एवढंच माझं शास्त्र.

आणि डॉक्टरांनी तुला रोज एक उकडलेलं अंडं खायला सांगितलं, तर पाचव्या महिन्यात तुला ताटली घेऊन जिन्यात बसवलं मी. शेजारची भागुबाई बघत होती, तरी मेली लाज नाही वाटली. चौथ्या दिवशी तू बॅग भरलीस. तू काही बोलली नाहीस, म्हणून मी अभिजीतला सांगितलं, माहेरची ओढ लागली तिला. काल त्याला खरं काय ते सांगितलं. तो भरल्या ताटावरून उठला.

चुकलं गं माझं. फार चुकलं.

तुझी आई हयात नाही. बाबा एकटे काय काय बघणार? बाळंतपणाला मला येऊ दे. तुझी अंडी मी उकडीन, माझ्या हातानं. जन्मात कधी उकडलेली नाहीत, म्हणून किती मिनिटं ठेवायची तेवढं लिहून पाठव. तुझं पत्र आलं की मी तिकीट काढेन. नाही आलं, तर समजेन.

"तुझी आई" असं लिहिणार होते. हात धजला नाही.

वासंती