कापसावरचा कॅमेरा

मंगळवार, दिवेलागण.

लिही सूनबाई, एक शब्द खोडू नको. गजा माह्या पोटचा, पण आज डोक्यात गेला. साऱ्या घराले नेट वाटणाऱ्या सर्व्हरवर तो कोणाचं किती नेट जाते ते पाह्यते. म्हणे, "माय, तुही सूनच सारं संपवते." अन् तुह्या फोनचं नेट तोडलं! तिकडे मेहकरले तुही माय खाटेवर. रोज फोनात तुहं तोंड पाह्यल्याबिगर जेवत नाही.

मले अक्षर येत नाही, पण त्याच्या पडद्यावरच्या पट्ट्या दिसतात, ज्याले नेट जास्त त्याची पट्टी लांब. "हे सगळ्यात लांब पट्टी कोणाची रे?"

"कॅमेऱ्याची," पुटपुटला.

भाव वाढंल म्हणून घरात कोंबलेल्या कापसावर यानंच लावला तो! कापूस काय पळून जाते?

"तिचं नेट जोड."

"पाहू."

पाहू? कॅमेऱ्यावर माह्यं जुनं लुगडं टाकलं. नेट जोडेपर्यंत तेच पाह्य म्हणा.